अंगठ्याची जागा

शनिवारी सकाळी आधी खिडकी उघडते,
मग मिठाची पुडी काढते.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर अठ्ठावीस तुकडे:
बिजागऱ्या, झडपेची चाकं, एक दाबमापक,
अशा पाणबुडीचे, जी कधी पाण्यात उतरलीच नाही.
मंगळवारी ती रॉदरहॅमच्या रंगमंचावर
चाळीस वर्षं बुडून वर यायची आहे
आणि तिची हाडं अजून
दुकानाच्या पावतीइतकी कोरी.

आधी वरची लाख उतरवायची, नाहीतर काहीच धरत नाही.
मग पोलादावर व्हिनेगर, ते वाळलं की
पेरॉक्साइड आणि चिमूटभर मीठ.
उतू जाण्याआधी दूध जसं फसफसतं
तसं लोखंड फसफसतं,
पंधरा मिनिटांत पंधरा हिवाळे.

पितळ इतकं भोळं नसतं.
त्याला दोन उकडलेली अंडी लागतात,
चुरडून, झाकणाच्या डब्यात,
पितळ वरच्या जाळीवर, अंड्याला न शिवता.
संध्याकाळपर्यंत ते कोऱ्या चहाच्या रंगावर येतं.
भिंतीपलीकडून मिसेस स्टॅनिफर्थ ठोकतात, वासासाठी.
आई म्हणते, माझा नाश्ता होता तो.

आई सव्वीस वर्षं शेफील्डच्या पॉलिशखान्यात होती.
अंगाला तपकिरी कागद गुंडाळून, डोक्याला लाल रुमाल,
चाकावर चमचे धरायची, चमच्यांत स्वतःचा चेहरा
उलटा दिसेपर्यंत.
'आमचा डाग राहिला की पैसे कापायचे,' ती म्हणाली,
'तुला डाग पाडायचे पैसे देतात. किती?'
मी आकडा सांगितला.
बराच वेळ तिने चहा ढवळला. साखर घातली नव्हती.

दुपारी मी झडपेचं मोठं चाक पुढ्यात घेतलं.
काळा रंग पातळ करून खाचांत भरला, वरून पुसला,
कड घासून उजळ केली, गोल, सगळीकडून सारखी.
मला बरं वाटत होतं.
आईने चाक उचललं, प्रकाशात धरलं.
'हे कोण फिरवायचं?'
'कोणी नाही, आई. खोटं आहे ते.'
'हो, दिसतंय.'

मग तिने ते छातीशी घेतलं, जसं खरंच
पलीकडे पाणी चढत असावं.
'घाबरलेला माणूस सगळीकडे धरत नाही.
दोनच जागा असतात त्याच्या. किटलीचं कसं होतं, तसं.'
तारेची घासणी मागितली.
तिचा उजवा अंगठा नखापासून चपटा झालेला, कायमचा;
तो चाकाच्या कडेवर ठेवला, जरा सरकवला,
परत ठेवला.
'डावखुरा होता,' म्हणाली, आणि घासायला लागली.

नाव तिनेच दिलं: एनॉक.
त्याचा खांदा दुखायचा, म्हणून चाक एका अंगाला जास्त झिजलं.
दाबमापकाच्या काचेवर तो नखाने टकटक करायचा,
तिथे मी सुईने बारीक ओरखडे काढले.
खालच्या बिजागरीला तो लाथ मारायचा.
'रोज?' मी विचारलं.
'रविवार सोडून.'
जेवण राहिलं. दिवे लागले.
समोरच्या उतारावरची घरं एकेक करून पिवळी झाली
आणि आमच्याकडे अठ्ठावीस तुकड्यांवर
एक माणूस राबून गेला होता.

शेवटी मेण चोळायचं.
गंज मी घाईने आणला तरी तो खराच असतो,
थांब म्हटल्याशिवाय थांबत नाही.

मंगळवारी सहाव्या रांगेतून
यातलं काहीच दिसलं नाही.
धूर होता, निळा उजेड होता,
चाक फिरवणारा मुलगा उजव्या हाताचा.
आई माझ्या कानाशी म्हणाली, 'चुकीच्या जागी धरलंय,'
इतक्या मोठ्याने की पुढच्या दोघांनी वळून पाहिलं.

एक बिजागरी घरीच राहिली, मेण न लावलेली,
खिडकीच्या कट्ट्यावर.
ती आता आपल्या गतीने लाल होते आहे.
आई रोज कट्टा पुसते,
तिच्या अलीकडे, तिच्या पलीकडे.